नंदोईजींची वाचणारी

जगात जे जे म्हणून छापलं जातं ते आधी आपल्या नजरेखालून जायला हवं होतं, असं मनापासून मानणारा एकच माणूस मी आजवर पाहिला, आणि तो नेमका आमच्याच घरचा जावई निघाला. माझ्या नणंदेचे यजमान. आम्ही इंदूरवाले त्यांना नंदोईजी म्हणतो. पुण्याची माझी बहीण हे ऐकून दर वेळी हसते, म्हणते, “अगं, सरळ भाऊजी म्हण की.” पण भाऊजी म्हटलं की माणूस जरा घरगुती होतो, पायजम्यात येतो. आमचे नंदोईजी सत्तरी ओलांडून कितीतरी पुढे गेले तरी अजून जावईच आहेत. भाजीत मीठ कमी असलं तर ते मीठ मागत नाहीत, नुसते ताटाकडे बघत बसतात. मग मी “काय हवं नंदोईजी?” म्हणायचं आणि त्यांनी म्हणायचं, “काही नाही वहिनी. तुमच्या सासूबाई असत्या तर त्यांना कळलं असतं.” उंच, काटकुळे, कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, आणि शर्टाच्या खिशात लाल पेन. ते पेन कायम गळतं. त्यामुळे त्यांच्या यच्चयावत शर्टांना बरोबर काळजावर एक लाल डाग आहे. आमच्या कॉलनीत नवा चौकीदार आला तेव्हा त्याने पहिल्या दिवशी त्यांना गेटवरच धरून खाली बसवलं आणि पाणी पाजलं. नंदोईजी पाणी प्यायले, त्यांनी त्याचे आभार मानले आणि गेटावरच्या पाटीतल्या दोन चुका त्याला समजावून सांगितल्या.

जन्मभर त्यांनी प्रूफं वाचली. म्हणजे छापण्याआधी जो कच्चा कागद निघतो ना, तो वाचून त्यातल्या चुका काढायच्या. आधी एका दैनिकात, मग मल्हारगंजातल्या एका छापखान्यात, जिथे मुख्य काम लग्नपत्रिकांचं. काम सुटलं पण डोळ्यांची सवय सुटली नाही. औषधाच्या बाटलीतली घडी केलेली चिठ्ठी जगात कोणी वाचतं का हो? हे वाचतात, आणि मोठ्याने. पूर्वी पोहे वर्तमानपत्राच्या कागदावर मिळायचे, तेव्हा तर यांच्याबरोबर पोहे खाणं म्हणजे परीक्षाच. चमच्याने पोहे इकडून तिकडे सारायचे, एकेक ओळ मोकळी करायची आणि वाचायची. पोहे थंड, जिलबी मऊ, यांचं लक्ष कागदात. एकदा अशीच कुठली तरी चोरीची बातमी ‘दरवाजा खोलते ही उसने देखा कि’ इथे येऊन संपली. कागद तिथेच फाटलेला. नंदोईजी उठले ते थेट पोहेवाल्याकडे. “भिया, इसके आगे का पन्ना किसको दिया?” तो म्हणाला, “अंकल, वो तो अभी कचोरी के साथ निकल गया.” “किधर निकला?” आणि खरं सांगते, ते रस्ता ओलांडून पलीकडे स्कूटरवर बसून कचोरी खाणाऱ्या एका माणसासमोर जाऊन उभे राहिले. त्या बिचाऱ्याने घाबरून कचोरीसकट कागद पुढे केला. यांनी कचोरी त्याच्या हातावर ठेवली, तेलकट कागद उजेडात धरून वाचला, परत केला आणि म्हणाले, “आप आराम से खाइए. चोर उसका सगा साला था.”

लग्नांचं तर विचारूच नका. आमच्या नात्यातल्या एका मुलीच्या लग्नात, रिसेप्शनच्या स्टेजवर, आहेराच्या पाकिटाबरोबर यांनी मुलीच्या वडिलांच्या हातात त्यांचीच पत्रिका ठेवली. लाल पेनाने रंगवलेली. वडिलांनी उघडून बघितली, फोटोवाला थांबला, मागे एवढी रांग. “अहो, पण आता लग्न लागलं!” ते म्हणाले. “लागलं ना? मग धाकटीच्या वेळी उपयोगी पडेल,” नंदोईजी म्हणाले आणि शांतपणे जेवायला गेले. त्या दिवसापासून आमच्या नात्यात एक पद्धतच पडली. पत्रिका छापायच्या आधी ती नंदोईजींना दाखवायची, म्हणजे अब्रू घरातल्या घरात राहते.

आता त्यांच्या धंद्यातली एक गोष्ट सांगते, म्हणजे पुढचं कळेल. प्रूफ एकट्याने वाचायचं नसतं म्हणे. समोरासमोर दोघांनी बसायचं. एकाने छापलेला कागद मोठ्याने वाचायचा, दुसऱ्याने गिऱ्हाइकाच्या हातचा मूळ कागद बघत ऐकायचं. आणि वाचणाऱ्याने सगळं वाचायचं, नुसते शब्द नाहीत. स्वल्पविराम आला की ‘कॉमा’ म्हणायचं, आणि हिंदीत वाक्य संपल्यावर जी उभी रेघ असते तिला ‘पाई’ म्हणायचं. छापखान्यात हे काम करणारा एक माणूस होता, पण घरी आणलेल्या प्रूफांना वाचणारी होती माझी नणंद. वरण उकळत असायचं, हिच्या एका हातात पळी आणि दुसऱ्या हातात कागद, आणि तोंडाने चाललेलं असायचं, “चिरंजीव अमुक कॉमा श्रीमान तमुक के सुपुत्र पाई.” लग्नानंतर कितीतरी वर्षं त्या घरात नवरा-बायकोचं दुसरं काही बोलणं मी ऐकलं नाही, आणि तरी इतकं बोलणारं जोडपंही दुसरं पाहिलं नाही. ती गेली तशी नंदोईजींची समोरची खुर्ची रिकामी झाली. छापखान्याचा मालक जुन्या ओळखीने अजून पत्रिका पाठवायचा, पण यांचं मन लागेना. मला म्हणाले, “एकट्याने कॅरम खेळल्यासारखं वाटतं हो, वहिनी.”

इकडे आमच्या घरी वेगळंच दुखणं. माझी नात रेवा तेव्हा तिसरीत होती. बोलायला विचाराल तर तीन भाषांत बोलणार, भाजीवाल्याची नक्कल करणार, माझी करणार. पण पुस्तक उघडलं की पोरीचा आवाज बसायचा. अक्षरं ओळखायची सगळी, पण एकेक अक्षर सुटं. ‘प’ मग ‘हा’ मग ‘ड’, आणि ‘ड’पर्यंत पोचेस्तोवर ‘प’ विसरलेला. शाळेत त्यांच्या रोज प्रार्थनेनंतर एक मूल माईकवर छोटीशी गोष्ट वाचतं, नंबराने. पावसाळ्यात हिचा नंबर आला. पहिल्या शब्दावर अडली ती अडलीच. माईकवरून नुसता तिचा श्वास ऐकू येत होता म्हणे, आणि मागच्या रांगेतून कुणीतरी आगगाडीचा आवाज काढला. मग काय, पूर्ण मैदान छुकछुक करायला लागलं. त्यानंतर पोटात दुखणं सुरू झालं. पुस्तक घेऊन कोणी जवळ बसलं की हिला शू लागायची. मुलगा आणि सून दोघं नोकरीचे, पण सून संध्याकाळी थकून येऊनही घेऊन बसायची, दर शब्दाला “परत वाच”. मुलाने फोनमध्ये काहीतरी आणलं होतं, त्यात बरोबर वाचलं की टाळ्या वाजायच्या. पण हिच्या वाट्याला टाळ्या येईनात, तर तिने फोन उशीखाली ठेवला. मी बसले तर ती पुस्तकाऐवजी माझ्या तोंडाकडे बघायची. चुकलं की ते तिला माझ्या भुवईवरून कळायचं. शेवटी मॅडमनी सुनेला बोलावलं. हिवाळ्यात परत नंबर येईल, बच्ची नको म्हणत असेल तर आम्ही नाव काढून टाकू, म्हणाल्या. चांगल्या मनानेच म्हणाल्या. रेवा तिथल्या तिथे म्हणाली, “हटा दो.” सून घरी येऊन ओट्याशी उभी राहून रडली. “एकदा नाव काढलं ना आई, की मग ती कायमची न वाचणाऱ्यांतली होईल.” मॅडमना तिने एवढंच सांगितलं होतं की जरा थांबा.

अशात नवरात्राच्या सुमारास एका संध्याकाळी नंदोईजी पत्रिकांचा गठ्ठा घेऊन आले. देवउठनी ग्यारस, म्हणजे आपली कार्तिकी एकादशी झाली की लग्नांचे मुहूर्त निघतात, त्यामुळे छापखान्यात घाई. म्हणाले, डोळे एका कागदावरून दुसऱ्यावर जाईपर्यंत ओळ हरवते, घरातल्या कोणीतरी वाचून द्या. सून बसली. ती बँकेतली, धडाधड वाचत सुटली. नंदोईजींनी तिच्या हातातल्या कागदात डोकावून हात वर केला. “थांब. ‘शुभ’ दोनदा छापलंय, तू एकदाच वाचलंस.”

“दोनदा आहे? अय्या, मला दिसलंच नाही, आतोबा.”

“तुझा दोष नाही. सवय असली की डोळे पुढे धावतात. माझेही धावतात हल्ली. वहिनी, तुम्ही या.”

मी चष्मा लावून बसले. पहिलंच नाव वाचलं आणि म्हटलं, “अगंबाई, हे मानपूरचे का? यांच्या मोठ्या मुलीचं तर—” नंदोईजी म्हणाले, “वहिनी, पत्रिका वाचायची आहे. स्थळ नाही बघायचं.” दुसऱ्या पत्रिकेत मी नवरदेवाच्या आत्याला ओळखलं. तिसरी त्यांनी मला दिलीच नाही.

तेवढ्यात रेवा पाण्याची बाटली भरायला आली. यांनी तिच्यापुढे कागद धरला. सुनेने मागून मला खूण केली, नको, आता पुन्हा पोट दुखेल. पण यांना खुणा कुठे दिसतात! रेवा कागदाला हात न लावता म्हणाली, “मला येत नाही.”

“काय येत नाही?”

“वाचता. मी अटकते.”

“कुठे अटकतेस?”

“हर अक्षरावर.”

नंदोईजींनी चष्मा काढला, पुसला, परत लावला आणि तिच्याकडे असे बघायला लागले की जसं काही हरवलेली वस्तू सापडली. “प्रत्येक अक्षरावर? खरं सांगतेस? एकही सोडत नाहीस?”

“नाही ना. सुटतच नाही.”

“वहिनी!” ते माझ्याकडे वळून जवळजवळ ओरडलेच. “घरात अशी वाचणारी आहे आणि तुम्ही इतके दिवस लपवून ठेवलीत?”

माझ्या नातीला वाचण्यावरून कोणी नावाजल्याची ही पहिली वेळ. ती बाटली तशीच हातात धरून खुर्चीवर बसली.

पहिली पत्रिका संपायला किती वेळ लागला ते मी सांगत नाही, आमचा कुकर दोनदा लावून झाला. “श्री... ग... णे...” पोरगी रेटत होती आणि हे समोर मूळ कागदावर बोट ठेवून बसलेले. घाई नाही, कपाळाला आठी नाही. आमच्याकडे पाच मिनिटं थांबायचं म्हटलं तरी चहावरून चिडणारा हा माणूस, पण प्रूफ वाचणाऱ्याला मध्ये तोडायचं नाही हा त्यांच्या धंद्याचा नियम, तो त्यांनी पाळला. ती थांबली की ते एकच शब्द म्हणायचे, “पुढे.” बस. आणि ती चुकली तर? चुकलीस असं नाहीच. म्हणायचे, “बघ बरं, कागदात चूक आहे का?” मग ती वाकून, नाक लावून बघायची. “नाही. कागद बरोबर आहे.” “मग सुटला बिचारा. पुढे.” मी भाजी निवडता निवडता ऐकत होते आणि मला कळेना, हे चाललंय तरी काय. मग हळूहळू ध्यानात आलं. त्या दोन खुर्च्यांवर चूक कधी वाचणाऱ्याची नसतेच. तिथे चूक शोधायची असते, कागदाची. आणि खरीच एखादी सापडली की काय विचारता! लाल पेन निघायचं, गोल व्हायचा, आणि वाचणारीला खडीसाखर मिळायची. घशासाठी. छापखान्यातली रीत आहे म्हणे ती. माझ्या नणंदेने खडीसाखर खाल्लेली मी कधी पाहिली नाही, पण असेल.

दुसरी गंमत लग्नपत्रिकांची. माणसं बदलतात, गावं बदलतात, बाकी मजकूर तोच. हिंदी पत्रिका असो की मराठी, कृपा तीच, मंगल तेच, उपस्थित राहून वधूवरांना द्यायचे आशीर्वादही तेच. पहिल्या पत्रिकेत ‘दर्शनाभिलाषी’ हा शब्द रेवा डोंगर चढावा तशी चढली, धापा टाकत. पुढच्या आठवड्यात तो शब्द लांबून दिसला की ती आधीच हसायची आणि टुणकन उडी मारून पलीकडे जायची. ज्या पोरीला ‘पहाड’ जड जात होता ती ‘स्वागतोत्सुक’ म्हणायला लागली, आणि तेही केसांचा रबर दातात धरून. लांबलचक पत्रिका असली की नंदोईजी म्हणायचे, “आधी मी वाचतो, चाल ऐकून घे.” मग ते कीर्तनकारासारखे वाचायचे आणि ती मागून. एका दमात कुठपर्यंत जायचं याचाही त्यांचा हिशोब होता. “मुलाचं नाव आणि बापाचं नाव यांच्यात श्वास घ्यायचा नाही. पोरगा पोरका होतो.” हे तिला इतकं पटलं की एकदा चार ओळींचं खानदान तिने एका श्वासात पार केलं आणि लालबुंद होऊन खुर्चीत मागे पडली. हिंदी पत्रिकांत खाली लहान मुलांच्या नावाने बोबड्या बोलीत एक ओळ असते ना, चाचूच्या लग्नाला नक्की या म्हणून, तिच्यावर नंदोईजींचा भारी राग. ते ती शुद्ध करायचे आणि मालक हात जोडायचा, “भाईसाहब, वो गलती नहीं है, फैशन है.” रेवाने ती ओळ पहिल्यांदा वाचली तेव्हा अशी बोबडी वाचली की मी स्वयंपाकघरातून धावत आले, म्हटलं कोणाचं बाळ आलं घरात! आणि ती स्वतःच्या वाचण्यावर स्वतःच खदखदून हसत होती.

सुनेला काळजी होतीच. “लग्नाच्या पत्रिका वाचून कोणी शिकतं का हो, आई? अभ्यासाचं पुस्तक तर हातात धरत नाही.” मी म्हटलं, राहू दे, निदान तोंड तर उघडतंय. मग एकदा मायलेकी स्कूटरवरून कृष्णपुऱ्याच्या पुलावर ट्रॅफिकमध्ये अडकल्या, आणि मागून रेवाने दुकानांच्या पाट्या वाचायला सुरुवात केली. सुटी अक्षरं नाहीत, सरळ शब्दच्या शब्द, एकामागून एक. “यहाँ सब प्रकार के बर्तन कॉमा बाल्टी कॉमा कुकर की मरम्मत होती है पाई.” सून घरी येऊन हसत हसत सांगत होती आणि डोळे पुसत होती. तिने त्याच दिवशी मॅडमना फोन केला, नाव राहू द्या. आणि बघा, घरात आम्ही इतकी शहाणी माणसं, पण ‘कॉमा’ आणि ‘पाई’ आमच्या कानांना इतके सवयीचे झाले होते की कोणाच्या काही लक्षातच आलं नाही.

नंबर आला तो शाळेच्या आजी-आजोबांच्या दिवशी. त्या दिवशी घरातल्या म्हाताऱ्यांना बोलावतात, हॉलमध्ये बसवतात, गुलाब देतात. मी निघाले तर गेटपाशी नंदोईजी हजर, लग्नातला कोट घालून. “माझी वाचणारी आहे. मी नाही यायचं?” शाळेच्या दारातच मोठं बॅनर होतं. ते थांबले, डोळे बारीक झाले, हात खिशाकडे गेला. मी मनगट धरलं. “नंदोईजी, आज नाही.” “बरं,” ते म्हणाले, पण हॉलमध्ये बसेपर्यंत मागे वळून बघत होते.

रेवा स्टेजवर आली. दोन वेण्या, पांढरे मोजे, हातात कागद. आणि पोरीने सुरुवात केली ती काय सांगू, खणखणीत, कुठे अडणं नाही की कचरणं नाही. “एक गाँव में एक कुम्हार रहता था पाई. उसके पास एक गधा कॉमा, दो बकरियाँ और एक बूढ़ी माँ थी पाई.”

पहिली पाई कोणाला कळली नाही. कॉमा आल्यावर पुढच्या रांगेतली मुलं एकमेकांकडे बघायला लागली. दुसऱ्या पाईला हसू फुटलं, आणि ते मागे मागे पसरत आजी-आजोबांपर्यंत आलं. माझ्या शेजारच्या बाई तर पदर तोंडाला लावून हसत होत्या. वाईट मनाने नाही हो, गोडच वाटलं असेल त्यांना. पण रेवाने मान वर केली. हॉलभर हसणारी तोंडं बघितली. आणि थांबली. माईकवर तिचा श्वास ऐकू यायला लागला.

नंदोईजींना माझ्याआधी कळलं. त्यांचा चेहरा असा उतरला की मला वाटलं, यांनाच काही होतंय. सुनेचं ते ओट्याशी रडणं माझ्या डोळ्यांपुढे आलं. आता ही कागद टाकून पळणार, आणि मग संपलं. मी उठायला लागले, तर ते माझ्या आधी उभे. त्या भरल्या हॉलमध्ये, लग्नातल्या कोटात, सरळ ताठ. छापखान्यात मशीन चालू असताना पलीकडे ऐकू जावा असा त्यांचा तो आवाज, मी कितीतरी वर्षांत ऐकला नव्हता.

“पुढे!”

सगळा हॉल वळून बघायला लागला. तिथल्या अर्ध्या लोकांना तर शब्दही कळला नसेल. रेवाला कळला. तिने त्यांच्याकडे बघितलं, मग कागदाकडे, वाकून, नीट, जसं ती घरी बघायची तसं. आणि जिथे थांबली होती तिथून पुढे निघाली. एक पाई गाळली नाही, एक कॉमा सोडला नाही. हसणारे हसत होते, पण गोष्ट चालली होती. कुंभाराचं गाढव हरवलं, बकऱ्या त्याला शोधायला गेल्या, म्हातारी आई दारात बसून राहिली. म्हातारीचं बोलणं तिने म्हातारीच्या आवाजात वाचलं, आणि तो आवाज चक्क माझा होता. तोवर हसणं कधी थांबलं ते कळलंच नाही, लोक ऐकायला लागले होते. शेवटी “गधा घर आ गया पाई” म्हणून तिने कागद खाली केला आणि टाळ्या वाजल्या. नंदोईजी अजून उभेच होते. मी कोट धरून त्यांना खाली बसवलं.

मॅडम धावत माझ्याकडे आल्या. “दादीजी, क्या फर्राटे से पढ़ा है! बस, ये पाई-कॉमा कहाँ से सीख लिया?” मी बोट दाखवायला वळले तर शेजारची खुर्ची रिकामी. नंदोईजी बाहेर नळाशी उभे होते, गुलाब हातात. घरी जाताना एक पाटी वाचली नाही त्यांनी.

त्यानंतर ते येईनात. फोन केला की सर्दी आहे. छापखान्याचा निरोप आला की पत्रिका तशाच परत आल्यात. शेवटी रेवा म्हणाली, “चल, आपणच जाऊ,” आणि मी तिला घेऊन मल्हारगंजात त्यांच्या घरी गेले. दार उघडून ते परत जाऊन खुर्चीत बसले. तिच्याकडे बघेनात. मला म्हणाले, “वहिनी, बाहेर पाई बोलायची नसते, एवढं सांगायचं मला सुचलं नाही. पोरगी इतकी तयार झाली, आणि मी तिला चार लोकांत हसं करून ठेवलं.”

रेवा समोरच्या खुर्चीवर जाऊन बसली. आम्ही कोणी त्या खुर्चीवर बसत नाही, हे तिला काय माहीत. “पण आजोबा, कागदात चूक नव्हती. मी पूर्ण बघितलं.”

“ते हसले ना पण?”

“हसू दे ना. छापलं होतं तेच मी वाचलं. एक अक्षर नाही सोडलं.” मग जरा विचार करून तिने विचारलं, “बाहेर पाई मनात म्हणायची असते का?”

“हो,” नंदोईजी म्हणाले. “बाहेर मनात. इथे मोठ्याने.”

“मग द्या ना. कोणाचं लग्न आहे?”

आता रेवा चौथीत गेली. त्या हिवाळ्याच्या पत्रिका त्या दोघांनीच संपवल्या, नंतर मात्र काम कमी होत गेलं. हल्ली लोक फोनवरच पत्रिका पाठवतात, आणि त्यातल्या चुका बघायला वेळ कोणाला आहे! पण नंदोईजी संध्याकाळी येतात अजून. रेवा शाळेतून आली की लायब्ररीचं पुस्तक घेऊन खिडकीशी बसते. जाड जाड पुस्तकं, चित्रंही नसतात त्यांत. ओठ बंद. आवाज म्हणून नाही. नुसते डोळे सरकत असतात. पहिल्यांदा तिला असं वाचताना बघितलं तेव्हा नंदोईजी मला हळूच म्हणाले, “वहिनी, ही वाचतेय ना? की नुसती बसलीय?” सून म्हणाली, “मनात वाचते हो आतोबा. आता तिला मोठ्याने वाचावं लागत नाही.” “छान, छान,” ते म्हणाले. “हेच तर पाहिजे होतं.” आणि बराच वेळ रिकाम्या कपाकडे बघत राहिले.

तर आता रोजचं असं असतं. ती खिडकीशी, हे समोर खुर्ची ओढून. काही बोलत नाहीत, काही मागत नाहीत, मी दिलेला चहाही निवतो. परवा वाचता वाचता ती एकदम फिस्सकन हसली. नंदोईजी माझ्याकडे झुकून कुजबुजले, “काय आलं असेल हो तिथे?”

“विचारा की तिला.”

त्यांनी ‘नको’ अशी मान हलवली. रेवाने पान उलटलं. आणि मी बघितलं, इकडे खुर्चीत बसल्या बसल्या त्यांनीही आपली नजर डावीकडून उजवीकडे हळूहळू नेली, जशी काही ती ओळ त्यांच्याही पुढ्यात होती.